कोरफड, मुलतानी, कुंकुमादी… माझ्या त्वचेला नेमकं काय चालेल?

रानजाई

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी मूळची नागपूरची, वय २९, गेल्या जूनमध्ये नोकरीसाठी ठाण्याला आले. नागपुरात माझी त्वचा कोरडी होती, थंडीत गाल उलायचे, ओठ फुटायचे. आजी रात्री झोपताना तोंडाला खोबरेल चोळायची आणि रविवारी बेसन, साय, चिमूटभर हळद, बस एवढंच, कधी काही त्रास नाही. तेच सगळं ठाण्यात चालू ठेवलं आणि दोन महिन्यांत कपाळावर बारीक बारीक दाणे आले, सगळे एकाच मापाचे, घाम आला की खाजतात. दुपारी बारापर्यंत नाक-कपाळ चमकायला लागतं, पण तोंड धुतलं की गाल मात्र ओढल्यासारखे होतात.

मग व्हिडिओ बघून मुलतानी माती सुरू केली, दोन आठवडे रोज, पूर्ण वाळून तडकेपर्यंत ठेवायचे. कपाळ तसंच राहिलं आणि गालांचे पापुद्रे निघायला लागले. मग मैत्रीण म्हणाली कुंकुमादी तेल लाव, डाग पण जातील, तर त्याने कपाळावरचं वाढलंच. मध्ये एकदा लिंबू-मध पण झालं, ते इतकं झोंबलं की दोन मिनिटांत धुऊन टाकलं. आता बेसिनवर नऊ बाटल्या आहेत आणि एकही लावायची हिंमत होत नाहीये.

मला शक्यतो नैसर्गिकच वापरायचंय. घरात तेच बघितलं, आणि त्या वासाची, त्या सवयीची ओढ आहे, आजी गेल्यापासून तर जास्तच. दिवाळीला तिच्या पद्धतीचं उटणं घरी करायचंय. पण आता तोंडाला लावावं की नाही हेच कळेना. माझी त्वचा तेलकट धरायची की कोरडी? आणि महिन्याला हजाराच्या आत काय काय घ्यावं?

मोगऱ्याची_वेणी

अगं आधी त्या नऊच्या नऊ बाटल्या कपाटात ठेव आणि आठवडाभर फक्त साध्या सौम्य फेसवॉशने दोनदा तोंड धू, बाकी काही नको. त्वचा आत्ता चिडलेली आहे, अशा वेळी ती तेलकट की कोरडी हे तिलाही सांगता येणार नाही.

आठवड्याने एका सुट्टीच्या दिवशी तोंड धुऊन, टिपून, काहीही न लावता तासभर बसायचं, पंख्याच्या थेट वाऱ्यात नाही. मग टिश्यू पेपरचे तुकडे कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गालांवर वेगवेगळे दाबून उजेडात बघायचे. सगळीकडे तेलाचा डाग आला तर तेलकट, कुठेच नाही आणि कातडं ताणतंय तर कोरडी, मधल्या पट्ट्यात डाग आणि गाल कोरे तर मिश्र. तुझं वर्णन वाचून तर मिश्रच वाटतंय. संवेदनशील हा वेगळा प्रकार आहे, तेलकट त्वचा पण संवेदनशील असू शकते.

आणि एक लक्षात घे, नागपूरच्या कोरड्या हवेत जे तेल वरच्या वर जिरत होतं ते खाडीकाठच्या दमट हवेत घामाबरोबर तोंडावर बसून राहतं. मी पुण्याहून चिपळूणला आले तेव्हा माझंही असंच झालं होतं, मला कळायलाच वर्ष गेलं. तुझ्या आजीचं चुकलं नव्हतं, गाव बदललं.

प्रयोगवही

मी कॉस्मेटिक फॉर्म्युलेशनमध्ये काम करते, बी.फार्म. आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे कपाळाचं निदान मी करणार नाही. पण एकाच मापाचे खाजणारे दाणे, घामाने वाढणारे, तेल लावल्यावर वाढलेले, हे ऐकून मी आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखव म्हणेन. आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर मॅलॅसेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक प्रकारची सूक्ष्म बुरशी, असते, ती त्वचेवरच्या तेलातल्या फॅटी ॲसिडवर जगते, दमट हवेत आणि घामात फोफावते आणि अगदी असेच दाणे देते. तसं असेल तर तो मुरूम नाहीच. मुरमाच्या औषधाने तो जाणार नाही आणि खोबरेल म्हणजे तिला खाऊ घातल्यासारखं होतं. तोवर कपाळावर कुठलंच तेल नको, कितीही शुद्ध, कितीही घाण्याचं असलं तरी.

आता लिंबाचं. पीएच म्हणजे आम्लपणाचं माप, ७ मधला, त्याच्या खाली आम्ल. त्वचेचा पीएच साधारण ५ च्या आसपास असतो, किंचित आम्लधर्मी. लिंबाचा रस २ च्या आसपास, म्हणजे फरक तीनचा दिसतो, पण हे गणित दहाच्या पटीत चालतं, त्यामुळे तो हजारपट जास्त आम्ल झाला. त्यावर लिंबात असे घटक असतात की ते लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि मागे काळे डाग राहतात. तू दोन मिनिटांत धुतलंस हे फार बरं केलंस. दुसऱ्या टोकाला खाण्याचा सोडा आणि अंगाचा साबण, सोड्याचा पीएच ८ च्या वर, साबणाचा ९-१०, तेही तोंडाला नको. तुमच्या सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल तर साबणाचा एक चिकट थर त्वचेवर राहतो, गाल ओढल्यासारखे वाटण्यात त्याचाही हात असू शकतो.

मुलतानी माती वाईट नाही, पण ती तेल आणि पाणी दोन्ही ओढते. आठवड्यातून एकदा, फक्त नाक-कपाळ-हनुवटीवर, आणि कडा सुकायला लागल्या की लगेच धुवायची, तडकेपर्यंत थांबायचंच नाही. गालांना तर नकोच.

बाटली विकत घेताना पुढचं मोठं नाव सोडून दे, मागची यादी वाच. घटक जास्त ते कमी अशा क्रमाने लिहिलेले असतात, अगदी शेवटचे, एक टक्क्याच्या आतले तेवढे कसेही असू शकतात. पुढे केशर-चंदनाचं चित्र आणि मागे केशर शेवटून दुसरं असेल तर समजून जायचं. कोरफडीचं जेल हिरवंगार दिसत असेल तर तो रंग घातलेला आहे, खरा गर पाण्यासारखा पारदर्शक असतो. तुझ्यासारखीने ‘फ्रॅग्रन्स’, ‘पर्फ्यूम’ लिहिलेलं टाळावं. प्रिझर्व्हेटिव्हला मात्र घाबरू नकोस, ज्यात पाणी आहे त्यात ते नसेल तर बुरशी आणि जंतू वाढणार, ते चेहऱ्याला जास्त घातक. घरी केलेलं पाण्याचं काहीही, गुलाबपाणी-कोरफड मिक्स वगैरे, फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायचं. व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल फोडून घातली म्हणून टिकत नाही, ती तेल खवट होण्यापासून वाचवते, जंतू मारत नाही.

भिरंड

मी मालवणकडची. आमच्याकडे कोकमाच्या बिया उकळून जे तूप काढतात त्याला मुठेल म्हणतात, मुठीत धरून वळलेले पांढरट गोळे असतात म्हणून. टाचांच्या भेगांना, हिवाळ्यात उललेल्या हातांना आणि ओठांना आमच्या आईने दुसरं काही लावलंच नाही. घट्ट असतं, तळहातावर घासलं की अंगाच्या उबेने वितळतं, खोबरेलासारखं चपचपीत राहत नाही. रानजाईच्या गालांना मुगाएवढं लावून बघायला हरकत नाही असं मला वाटतं. बाजारात घेताना पिवळट आणि खवट वासाचं घेऊ नका.

प्रयोगवही

भिरंड, मुठेल मलाही आवडतं, त्यात स्टिअरिक ॲसिड (एक फॅटी ॲसिड) भरपूर म्हणून ते घट्ट असतं. पण तेही शेवटी तेलच, त्यामुळे गालापुरतं ठीक, कपाळावर नाही. आणि तेलच लावायचं असेल तर आणखी एक सांगते, आपल्याकडे कुणी तोंडासाठी विचारात घेत नाही ते म्हणजे करडई. साध्या करडईच्या तेलात सत्तर टक्क्यांच्या वर लिनोलिक ॲसिड, हेही एक फॅटी ॲसिडच, असतं. मुरूम येणाऱ्यांच्या त्वचेतल्या तेलात हेच कमी असल्याचं आढळलंय, आणि त्वचेचा वरचा थर धरून ठेवायलाही ते लागतं. उलट ऑलिव्ह ऑइल, ज्याच्या बाटलीला आपण चौपट पैसे मोजतो, त्यात ओलिक नावाचं दुसरं फॅटी ॲसिड जास्त आणि ते कोरड्या त्वचेचा थर सैल करतं, बाळांना चोळायलाही मी देत नाही. करडई आपल्या सोलापूर-परभणीकडची, घाण्यावरून ताजं छोटी बाटली आणायचं, कारण ते लवकर खवट होतं. ओल्या गालावर दोन-तीन थेंब, बस.

दाढीवाला_कोल्हापुरी

इथे पुरुषांनी विचारलं तर चालेल ना? मी दाढीनंतर वर्षानुवर्षं तुरटीचा खडा फिरवतो, वडील पण तेच करायचे. पण आता पस्तिशीनंतर गळ्यावर लाल पुळ्या येतात आणि कातडं खरखरीत झालंय. तुरटी नैसर्गिक आहे म्हणून सोडवत नाही.

प्रयोगवही

चालेल की, दादा. तुरटी कातडं आकसवते, कापलं तर रक्त थांबवते, तेलकट त्वचेला एकवेळ निभते. वय वाढलं की त्वचा कोरडी पडत जाते, मग तीच तुरटी जास्त होते. कापलं असेल तिथेच टेकवा आणि अर्ध्या मिनिटात पाण्याने धुवा. वर बिनवासाचं कोरफड जेल लावा. आणि केस वाढतात त्या दिशेनेच पातं चालवा, पुळ्या बऱ्याचदा उलट्या पात्यामुळे येतात.

वनौषधी_वैद्य

मी वैद्य आहे, कराडला प्रॅक्टिस करतो. वर जे लिहिलंय त्यातलं बरंचसं आमच्याही शास्त्राशी जुळतं. लेप वाळू द्यायचा नाही आणि रात्री लावायचा नाही असं आयुर्वेदात स्पष्ट सांगितलंय, पण आता सगळ्या व्हिडिओत लेप वाळून तोंड हलवता येईना होईपर्यंत ठेवतात. कुंकुमादी हे केशर आणि इतर बऱ्याच द्रव्यांनी सिद्ध केलेलं तेल आहे, तिळाच्या तेलात. ते कोरड्या, वाताच्या त्वचेला, वांग (तोंडावरचे काळसर डाग) असणाऱ्यांना आम्ही देतो, तेही दोन-चार थेंब. तेलकट, पुळ्या असलेल्या तोंडावर रात्रभर चोपडायला ते नाहीच. तेव्हा तेलाला दोष देऊ नका, ते चुकीच्या चेहऱ्यावर गेलं.

शतधौत घृताचंही सध्या खूळ आहे. तांब्याच्या ताटात तूप शंभर वेळा पाण्याने फेटून धुतलेलं, लोण्यासारखं हलकं होतं, भाजल्यासारखी आग होणाऱ्या कोरड्या त्वचेला फार छान. रानजाई, तुमच्या गालांना चालेल, कपाळाला नाही. घरी केलंत तर थोडंच करा, आत पाणी अडकलेलं असतं.

कोरफड घरची असेल तर पान कापल्यावर दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवायचं, कापलेल्या बाजूने पिवळा चीक निथळून जाऊ द्यायचा. खाज येते ती बहुतेकांना त्या चिकाने, आणि लोक म्हणतात मला कोरफड सोसत नाही. मग साल काढून गर धुऊन घ्या. ज्येष्ठमधाची पूड दुधात कालवून डागांवर लावता येते, पण आधी कपाळ शांत होऊ द्या. आणि आंबेहळद म्हणून पिवळीधमक भेसळीची पूड घेऊ नका, अख्खी गाठ आणून सुकवून घरी कुटा.

अबोली_डोंबिवली

मला एक वेगळीच गोष्ट सांगायचीय आणि ती मनापासून सांगतेय. दोन वर्षांपूर्वी मला पार्लरमधून एक ‘हर्बल’ क्रीम मिळालं होतं, छोट्या डबीत, लेबल नाही, फक्त ‘जडीबुटी’ सांगितलं. दहा दिवसांत तोंड इतकं उजळलं आणि गुळगुळीत झालं की मी बहिणीलाही दिलं. चार महिन्यांनी संपलं आणि दोन दिवस लावलं नाही तर तोंड लालबुंद, आग, पुळ्या, आरशात बघवेना. डॉक्टर म्हणाले त्यात स्टेरॉइड असणार, ही लक्षणं ते सुटल्याची. बरं व्हायला आठ महिने गेले, बहिणीला वर्ष. सगळ्यात वाईट ते वाटतं, की तिला मी दिलं.

नंतर वाचलं की २०१८ मध्ये सरकारने चौदा प्रकारची स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, म्हणजे लोक किती सर्रास लावत होते बघा. आणि २०२३ मध्ये केरळात मलप्पुरमला गोरेपणाची क्रीम लावणाऱ्यांच्या किडनीला त्रास झाल्याच्या केस डॉक्टरांनी शोधल्या, क्रीममध्ये पारा होता. म्हणून रानजाई, ज्यावर घटक नाहीत, लायसन्स नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, ते कुणीही प्रेमाने दिलं तरी तोंडाला लावू नकोस. आठवड्यात फरक दिसला तर आनंद नको, शंका घे.

रानजाई

बापरे अबोली ताई, किती सहन केलंत. माझ्या नऊ बाटल्यांत अशीच एक बिनलेबलची डबी होती, प्रदर्शनात घेतलेली. तुमचं वाचून लगेच टाकून दिली.

टिश्यूची टेस्ट केली. कपाळ, नाक, हनुवटीला तेल, गाल कोरडे ठक्क. म्हणजे मिश्रच. शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. तोवर एकच विचारते, नवीन काही लावायच्या आधी टेस्ट म्हणतात ती कशी करायची? मी मनगटावर पाच मिनिटं लावून बघायचे.

मोगऱ्याची_वेणी

पाच मिनिटांत काही कळत नाही गं, ॲलर्जी कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठते. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत रोज सकाळ-संध्याकाळ लाव, पाच-सहा दिवस. जी वस्तू धुवायची असते, म्हणजे उटणं, फेसवॉश, ती तेवढाच वेळ ठेवून धू. मग जबड्याच्या कडेला दोन-तीन दिवस, मग तोंडाला. आणि एका वेळी एकच नवी वस्तू, दुसरी दोन आठवड्यांनी. कंटाळवाणं आहे, पण नऊ बाटल्यांपेक्षा स्वस्त पडतं.

हजारात म्हणशील तर सौम्य बिनवासाचा फेसवॉश, एक साधं हलकं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, एवढंच घे. तेलं, लेप नंतर. सनस्क्रीन नैसर्गिक हवं तर झिंक ऑक्साइडवालं, एसपीएफ ३० किंवा जास्त, आपल्या रंगावर पांढुरकं दिसतं म्हणून किंचित टिंट असलेलं बघ. दोन बोटांवर लांब रेघ ओढून होईल एवढं लागतं तोंड आणि मानेला. खोबरेल किंवा गाजराचं तेल लावून ऊन अडतं यावर मात्र अजिबात विश्वास ठेवू नकोस, सगळे डाग उन्हानेच गडद होतात.

टी ट्री ऑइल कुणी सुचवलं तर निव्वळ लावू नकोस. १० मिली दुसऱ्या तेलात एक थेंब, दोन म्हणजे फार झाले, आणि तुला तर आत्ता तेही नको.

रानजाई

डॉक्टरांकडे जाऊन आले. प्रयोगवही ताई, तुमचा अंदाज बरोबर, यीस्टच आहे. लावायचं औषध दिलं, केसांचं तेल सुद्धा कपाळावर उतरू देऊ नका म्हणाले, रात्री तेल लावून झोपणं बंद. उशीचे अभ्रे दर दोन-तीन दिवसांनी बदलतेय. तीन आठवडे झाले, खाज गेली, दाणे निम्म्याच्या वर बसलेत. गालांना ओल्यावर करडईचे दोन थेंब, पापुद्रे थांबले.

आता खरा प्रश्न. दिवाळी दहा दिवसांवर आहे. आजीच्या वहीत उटण्याची यादी सापडली: मसूर डाळ, आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, गुलाबाच्या पाकळ्या, सुकवलेली संत्र्याची साल. शेवटी तिने लिहिलंय ‘तेल भरपूर’. मी काय करू?

वनौषधी_वैद्य

उटणं जरूर करा. संत्र्याची साल तेवढी काढा, तुमच्या त्वचेला सध्या ती झोंबेल. बाकी सगळं वेगवेगळं कुटून वस्त्रगाळ करा, मलमलच्या कापडातून. चाळणीचं उटणं तोंडाला खरखरीत लागतं, त्याने ओरखडे उठतात. अंगाला तीळतेलाचं अभ्यंग भरपूर करा, आजींनी लिहिलंय तसंच, फक्त मानेच्या वर आणि पाठीवर पुळ्या असतील तर तिथे तेल नको. तोंडाला उटणं तेलाशिवाय, गालांना दुधात कालवून, कपाळाला नुसत्या पाण्यात, चोळायचं नाही, लावून मिनिटभरात धुवायचं. आणि आजपासूनच कोपराला लावून बघा, दहा दिवस आहेत.

रानजाई

काल नरकचतुर्दशी झाली. पहाटे साडेचारला उठून आईला व्हिडिओ कॉल लावला, ती नागपुरात आणि मी इथे, दोघींनी बरोबरच उटणं भिजवलं. वाळ्याचा वास आला आणि आई बोलायचीच थांबली.

कोपरावर काहीच उठलं नव्हतं म्हणून गालांना लावलं, दुधात. कपाळाला धीर झाला नाही, ते तसंच ठेवलं. आज गाल मऊ आहेत, लाली नाही, खाज नाही. अंगाला मात्र तेल भरपूर.

उरलेलं उटणं काचेच्या बरणीत कोरडं ठेवलंय. ते साधारण किती दिवस टिकेल?

भिरंड

अगदी कोरडं कुटलेलं असेल, ओला चमचा घातला नाही, तर सहा महिने आरामात. पण ठाण्याच्या हवेत झाकण घट्ट लाव, वास बदलला किंवा गोळे धरले की टाक. मी बरणीत मलमलच्या पुरचुंडीत थोडे भाजलेले तांदूळ ठेवते, ते ओल ओढून घेतात.